बोरखडीची तिरडी उठंना

१

आशाबाई पहाटं गेली, आन् दुपार कलली तरी अंगणातच व्हती.

आता मयत अंगणात थांबतं, त्यात नवल न्हाई. लेक लांब दिली असली, भाऊ पुण्याहून निघाला असला, तं थांबावं लागतं. पण आशाबाईला थांबायसारखं कुणी नव्हतंच. एकुलता लेक रणजीत, तो समोरच उभा. सून संगिता, ती दाराला टेकलेली. आन् नात राजनंदिनी, एवढंसं लेकरू, ते आजीच्या पायापाशी बसून मातीत रेघोट्या वढून राहिलं व्हतं.

जमादार संतराम जीपमधून उतरला आन् तिरडीकडं पाहून जागीच थबकला. उभ्या नोकरीत त्यानं लई मयत पाहिले. विहिरीतून काढलेले, झाडावरून उतरवलेले, रोडवरून गोळा केलेले. पण असं नव्हतं पाहिलं. म्हातारीला न्हाऊ घातलेलं, नवं लुगडं नेसवलेलं, कपाळाला बुक्का. तिरडीची एकेक गाठ अशी बसवलेली की बैल वढला तरी सुटणार न्हाई. विस्तवाचं मडकं शिंक्यात तयार. सगळं तयार. उचलायला तेवढं माणूस न्हाई.

"वाळीत टाकलंय आमाला," रणजीत म्हणला. फोन त्यानंच केला व्हता चौकीवर. "सकाळपासून एक माणूस खांद्याला आला न्हाई. नाव लिवून घ्या, विजयकुमार अप्पा. बांधावरून वाकडं आलंय त्याचं आन् माझं. त्यानंच गाव फिरवलं."

"मग हे न्हाऊ कुणी घातलं?"

"बाया आल्या व्हत्या पहाटं," संगिता दारातूनच म्हणली. "सगळं नीट केलं, रडल्या, आन् गेल्या."

"तिरडी कुणी बांधली?"

रणजीत भलतीकडं पाहायला लागला.

संतरामच्या संग आलेली शिपाई रीता, नवीन भरतीतली पोरगी, हळूच म्हणली, "सर, सामाजिक बहिष्काराचा कायदा हाय ह्याला. अंत्यविधीला आडकाठी केली तरी गुन्हा व्हतो."

"गुन्हा व्हतो ते मला बी ठाऊक हाय, रीताबाई. करणारा दाखव."

"करणारं सारं गावच हाय की."

"साऱ्या गावाला एका जीपमधी बसवतीस का?"

संतरामनं बाह्या वर सारल्या. माणूस तसा रांगडा, तोंडाचा फटकळ, पण म्हातारी उन्हात पडलेली त्याला पाहवंना. "ए डायवर, उतर खाली. रीताबाई, तुमी बी या. रणजीत, तू चौथा. मडकं सून धरंल. बघू कोण आडवं येतंय ते."

त्यानं बांबूला हात घातला तोच शेजारच्या भिंतीआडून भिवाजी आला. वाळलेला, कमरेत वाकलेला म्हातारा. संतरामला वाटलं, चला, एक तरी माणूस निघालं गावात. पण भिवाजीनं येऊन जमादाराचा हातच धरला.

"हात लावू नका जमादार. पाया पडतो तुमच्या."

"काहून?"

 भिवाजीच्या डोळ्याला धार लागली व्हती. संतरामनं मान वर करून पाहिलं. साऱ्या गल्लीत, दारादारात, माळवदावर, वट्यावर माणसं उभी व्हती. म्हातारे, जवान, बाया. एक बी माणूस धमकी देऊन नव्हतं राहिलं. सगळ्यांनी जमादाराला हात जोडले व्हते.

२

विजयकुमारचं घर मारुतीच्या पारासमोर. वाड्यासारखं मोठं न्हाई, पण सिमेंटाचं, वर पाण्याची टाकी, दारात टॅक्टर. गावात शब्द चालतो तो ह्याचाच. संतराम ओसरीवर बसला. अप्पाच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आन् माघारी गेली. चहाचं नाव न्हाई.

"चहा भेटणार न्हाई आज," विजयकुमार म्हणला. "चूल न्हाई पेटवली."

संतरामला ते लागलं. जमादाराला बिनचहाचा बसवतो म्हंजे हा बोलणार न्हाई, असं त्यानं मनात धरलं.

"अप्पा, रणजीत तुमचं नाव घेऊन राहिला."

"घेऊ द्या. बांधाची कटकट हाय, ते खरं. पण डोकं चालवा जमादार. माझ्यावर त्याचे उपकार हायेत. तुमी व्हते ना कोरटात?"

संतराम व्हता. कोरटाच्या दारात ड्युटी व्हती त्याची. दोन वर्साखाली, पोळ्याच्या रात्री, विजयकुमारचा शेतातला गोठा जळाला. बैलजोडी गेली, आन् गोठ्यात निजलेला म्हातारा सालगडी बी गेला. त्याच्या आधी तांड्यावरच्या मुन्नाचं आन् विजयकुमारचं जवळ्याच्या बाजारात चांगलंच जुंपलं व्हतं. मजुरीवरून. 'बघून घेतो' असं मुन्ना साऱ्या बाजारासमोर म्हणला व्हता. तेवढं पुरलं.

"तेवढ्यानं काय झालं नसतं," विजयकुमार म्हणला. "रणजीतनं साक्ष दिली म्हणून झालं. पोळ्याच्या रात्री तो आपल्या शेतात राखणीला व्हता. मुन्नाला गोठ्याकडून पळताना त्यानं आपल्या डोळ्यानं पाहिलं. त्याच्यावरच मुन्नाला सजा लागली. माझ्या सालगड्याला न्याय भेटला तो ह्या पोरामुळं. मी त्याला वाळीत टाकीन?"

बोलणं बराबर व्हतं. संतरामला खोट काढता येईना.

"मग चला. खांदा द्या."

विजयकुमारनं मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण शाळेत पाढा चुकलेल्या पोरासारखा फरशीकडं पाहत बसला.

"देता येत न्हाई."

"कुणाला भेता, अप्पा? तुमीच भ्यायला लागले तं गावानं काय करावं?"

"भेव न्हाई जमादार. शब्द दिलाय."

"कुणाला?"

आत भांडं पडल्यासारखा आवाज झाला. अप्पाची बायको दाराआड उभी राहून ऐकत व्हती. विजयकुमार उठला, आन् जाता जाता एवढंच म्हणला, "तुमाला नाव सापडलं ना, तं त्याला बेड्या घालून दाखवा. मी तुमच्या पाया पडंन."

३

गाव ज्याला शब्द देतं तो मोठा असणार, आन् अप्पाहून मोठं बोरखडीत कुणी न्हाई. मग बाहेरचं कोण? रणजीतवर दात धरून असणारं एकच ठिकाण व्हतं. संतरामनं जीप तांड्याकडं वळवायला लावली.

तांडा गावापासून लांब न्हाई, माळाच्या कडंला. पुनमचंद नाईक बाजंवर बसला व्हता. पांढरा पटका, मिशा पिळलेल्या. जीप दिसली तसा तो हसला, पण उठला न्हाई.

"या, जमादार, या. गाडीला रस्ता पाठच झालाय आमचा. गावात कोंबडी हरवली तरी ती आपोआप इकडंच वळती."

"कोंबडीसाठी न्हाई आलो, नाईक. मयत अडकलंय."

"आशाबाईचं. ठाऊक हाय."

"कुणी अडवलं?"

"आमी, असंच ना? बोला की मोकळं." पुनमचंदनं मिशीवर हात फिरवला. "जरा हिशेबानं पाहा जमादार. बोरखडी आमचं ऐकून मयत अडवती? आमचं एवढं ऐकत असती तं आमचं पोरगं जेलात गेलं असतं का?"

 ह्यात बी खोट नव्हती. बोरखडीनं तांड्याचं कधी ऐकलं, असं त्याच्या आठवणीत नव्हतं. आन् तांड्यानं बोरखडीचं मनापासून ऐकलं, असं बी नव्हतं.

तेवढ्यात त्याला रडणं ऐकू आलं. मोठ्यानं न्हाई, दळताना बाई गुणगुणती तसं, वर-खाली, सुरात. शेवटच्या घराच्या वट्यावर भिकाबाई बसली व्हती. मुन्नाची माय. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरची ओढणी तोंडावर वढलेली. मयताचं रडणं व्हतं ते, जमादारानं वळखलं.

"कोण गेलं गं तुझं?"

"याडी गेली," भिकाबाई म्हणली. तांड्यात मायला याडी म्हणतात.

"तुझी माय तं कवाच गेली असंल."

"आशायाडी गेली ना. तिच्यासाठी रडून राहिले."

संतरामला वाटलं, ऊन लागलंय बाईला. "अगं, तिच्या लेकाच्या साक्षीनं तुझा मुन्ना आत हाय. आन् तू तिच्यासाठी रडती?"

"मुन्ना तिच्याच हातावर झाला. ह्या तांड्यातली अर्धी लेकरं तिच्या हातावरची. गावातली बी. पैसा कधी घेतला न्हाई तिनं, इटाळ कधी पाळला न्हाई." भिकाबाईनं ओढणी सारली. डोळे लाल, पण त्यात राग नव्हता. "जमादार, तुमी नका शोधू. दिवस मावळायच्या आत व्हायचं ते व्हईल. न्हाई झालं तं मग कधीच व्हणार न्हाई."

"काय व्हईल?"

तिनं ओढणी पुन्हा वढून घेतली, आन् तो सूर पुन्हा सुरू झाला.

४

जीप माळावरून उतरायला लागली तशी रीता म्हणली, "सर, एक बोलू? धूर कुठंच न्हाई."

"कसला धूर?"

"चुलीचा. गावात न्हाई, तांड्यात बी न्हाई. आपण इतकी घरं फिरलो, कुठं भाकरीचा वास आला का तुमाला? पिठाची गिरणी बी बंद. सोयाबीन काढायला आलंय, तरी रानात माणूस न्हाई."

संतरामनं डायवरला जीप थांबवायला सांगितली.

"माझ्या मावशीच्या गावात एकाला वाळीत टाकलं व्हतं," रीता म्हणली. "त्याचा बाप वारला. तवा गावानं मुद्दाम भजे तळले, सर. वास त्याच्या दारापर्यंत जावा म्हणून. वाळीत टाकणारं गाव उपाशी बसत न्हाई."

आपल्याकडं रीतच हाय. शेजारात मयत असलं, तं ते उठंपर्यंत आजूबाजूची चूल पेटत न्हाई. आपल्या माणसासाठी पाळतात ते. लेकरं भुकेली रडली तरी माय दूध पाजती, चूल पेटवत न्हाई. इथं शेजारच नव्हं, सारं गाव आन् वरून तांडा, आशाबाईसाठी उपाशी बसला व्हता. विजयकुमारनं चहा दिला न्हाई तो जमादाराचा अपमान नव्हता. तो दुखवटा व्हता.

"स्मशानाकडं घे," संतराम डायवरला म्हणला.

नाल्याच्या काठाला सरण रचून तयार व्हतं. वाळलेली बाभळ, खाली गोवऱ्या, कडंला तुपाची वाटी पानानं झाकलेली. सकाळीच कुणीतरी मन लावून रचलेलं. संतराम त्या सरणाभवती एक चक्कर मारून आला. मग तसाच भिवाजीच्या घरी गेला.

म्हातारा खाटंवर बसलेला. संतरामनं त्याचा हात उलटा करून पाहिला. बोटात बांबूच्या शिलका घुसलेल्या, नखात सुतळीचं सूत.

"तिरडी तुमीच बांधली, बाबा."

"व्हय."

"मग खांदा काहून न्हाई?"

"बांधायला मनाई न्हवती."

"सरणाला?"

"सरणाला बी न्हवती. न्हाऊ घालायला न्हवती. रडायला न्हवती." भिवाजीनं हात सोडवून घेतला. "खांद्यालाच तेवढी."

संतराम उंबऱ्यातच बसला. आता त्याचं डोकं चालायला लागलं. दावा धरणारा माणूस असं मोजून मापून मनाई करीत न्हाई. तो म्हणतो, कुत्रं बी फिरकू नका. इथं ज्यानं शब्द घेतला, त्याला म्हातारीचा मान ठेवायचा व्हता. पुरता ठेवायचा व्हता. त्याचा डाव म्हातारीवर नव्हताच. मग खांद्यावाचून अडलं कोणाचं? एकाचंच. मायला घेऊन जायचं जे एकुलत्या लेकाचं काम, त्याचं.

दुसरं असं, की हा शब्द अप्पानं पाळला आन् नाईकानं बी पाळला. बोरखडीनं बी, तांड्यानं बी. एकमेकांच्या विहिरीचं पाणी न पिणाऱ्या ह्या दोन जागा. दोन्हीकडं घराघरात, चुलीपर्यंत जाऊन, ज्याचं ऐकलं जावं असं माणूस कोण? सरपंच न्हाई. पोलीस तं न्हाईच. दोन्हीकडच्या घरात आतपर्यंत गेलेलं माणूस एकच व्हतं, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत गेलेलं.



"बाबा," तो हळूच म्हणला, "शब्द तिनंच घेतला ना? आशाबाईनं?"

भिवाजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

रीता दारात उभी व्हती.  "सर, म्हंजे आरोपी..."

"आरोपी तिरडीवर हाय, रीताबाई. घाला बेड्या."

पण का, ते अजून कळायचं व्हतं. कोणती माय आपल्या लेकाला असा दंड देती?

५

अंगणात सावल्या लांब झाल्या व्हत्या. रणजीत भिंतीपाशी उभा. आपण आल्यापासून तो आईच्या तोंडाजवळ एकदा बी गेला न्हाई, हे संतरामला आता दिसलं. पायाकडंच उभा राहायचा, आन् पाहायचा भलतीकडं.

संगिता लेकराला दूध पाजून बाहेर आली. राजनंदिनी जमादाराच्या बुटाला हात लावून पाहायला लागली. संतरामनं तिला उचललं. त्याला काही विचारायचं नव्हतं, लेकरू पायाशी आलं म्हणून उचललं.

"केवढी झाली गं ही?"

"पोळ्याला दोन पुरी झाली," संगिता म्हणली.

मग ती जराशी थांबली. नवऱ्याकडं तिनं पाहिलं न्हाई. सासूकडं पाहिलं, आन् मग नीट जमादाराच्या डोळ्यात.

"पोळ्याच्याच रात्रीची हाय. वर डोंगरात पाऊस झालता, नाल्याला पूर आलता. दवाखान्याची गाडी पल्याड अडकली. मग आत्यानं घरीच केलं. रातभर कळा सोसल्या म्या. हे उंबऱ्यातच बसून व्हते, बॅटरी धरून. उजाडल्यावर पोरगी झाली, तवा उठले."

बोलून ती आत गेली. तिनं नवऱ्याचा गुन्हा सांगितला न्हाई. लेकराचं वय सांगितलं तेवढं.

संतराम लेकराला कडंवर घेऊन तसाच उभा राहिला. कोरटात त्यानं आपल्या कानानं ऐकलं व्हतं. पोळ्याच्या रात्री मी शेतात राखणीला व्हतो. आन् इथं पोळ्याच्या रात्री तोच माणूस उंबऱ्यात बसलेला. दोन्ही गोष्टी साऱ्या गावाला ठाऊक. बारशाच्या घुगऱ्या साऱ्या गावानं खाल्लेल्या. मुन्नाच्या खटल्याची बोलणी साऱ्या गावानं पारावर बसून केलेली. एकानं बी ही रात त्या रातीला जोडून पाहिली न्हाई. जोडायचीच नव्हती. जाळलं म्हंजे तांड्यानंच जाळलं, हे त्यांचं आधीच ठरलं व्हतं. साक्षीदार नुसता मागून आला.

त्यानं लेकरू रीताकडं दिलं आन् रणजीतजवळ गेला.

"बस खाली."

रणजीत बसला.

"तू शेतात नव्हताच."

 रणजीत एकदम बोलायला लागला, बांध फुटल्यावर पाणी सुटतं तसं.

"सकाळी गोठ्यापाशी गेलो तं सारं गाव जमलं व्हतं. जो तो म्हणून राहिला, मुन्नाच असंल. अप्पा म्हणला, पाहिलं का कुणी? कुणी बोलंना. माझ्या तोंडातून निघून गेलं, म्या पाहिलं. खरंच निघून गेलं, जमादार. पाठ थोपटली सगळ्यांनी. मला आयुष्यात कुणी असं मधी उभं केलं नव्हतं. मग पोलीस आले, मग तेच पुन्हा सांगितलं. मग कोरट. मागं कसं फिरावं?"

"मायला कवा कळलं?"

"तिला कळायला काय, तिच्यासमोरच व्हतो की मी रातभर. पण ती बोलली न्हाई. दोन वर्सं माझ्याशी धड बोलली न्हाई ती. वाढायची, पाणी द्यायची, बस. पोळा झाल्यावर दुखणं वाढलं तवा मला जवळ बोलावलं. म्हणली, मी तुला पोलिसात देऊ शकत न्हाई, मी माय हाय. पण लटक्याच्या संग चाललेल्या खांद्यावर मी जाणार न्हाई. तू पारावर जाऊन खरं बोलशील, मग मला उचला. न्हाई बोलला, तं बसून राहा मला घेऊन."

"ठाऊक असून फोन केला मला?"

"वाटलं, पोलीस आले तं गाव भिऊन उठंल. सुटका व्हईल."

संतरामनं त्याच्याकडं पाहिलं. त्याला राग यायला पाहिजे व्हता, पण आला न्हाई. त्याची नजर घडी घडी म्हातारीकडं जात व्हती. एवढीशी बाई, मुठीत मावावी अशी. ना कोरट, ना वकील, ना तारीख. चालता येत नव्हतं तिला शेवटी, तरी भिंत धरून धरून घर न् घर फिरली असंल. तांड्याचा माळ चढली असंल. पदर पसरून लोकांकडं काय मागितलं, तं मला उचलू नका. जमादारानं उभ्या आयुष्यात जजसाहेबांचे निकाल ऐकले व्हते, पण असा निकाल त्यानं ऐकला नव्हता.

"आत टाकतील मला?" रणजीतनं विचारलं.

"टाकतील," संतराम म्हणला. खोटं बोलायला त्या अंगणात जागाच नव्हती.

रणजीतनं पहिल्यांदा आईच्या तोंडाकडं पाहिलं. सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकला व्हता.

६

पारावर माणसं आधीच गोळा झाली व्हती. कुणी बोलावलं न्हाई, पण गावाला वास येतो. तांड्याची माणसं बी माळ उतरून आली, आन् नेहमीसारखी जरा अंतर राखून उभी राहिली.

रणजीत पाराच्या पायरीवर चढला. मोठं भाषण नव्हतं. "पोळ्याच्या रात्री मी घरी व्हतो. मुन्नाला मी पाहिलं न्हाई. कुणालाच पाहिलं न्हाई. मी लटकी साक्ष दिली." एवढंच बोलला आन् खाली बसला, डोकं गुडघ्यात घालून.

 सगळ्यांच्या नजरा विजयकुमारकडं गेल्या. सालगडी त्याचा मेला व्हता, बैल त्याचे. आता ह्याचा राग फुटणार, असं संतरामला वाटलं.

विजयकुमार खाली बसला. 

"गोठ्यात दिवा व्हता," तो म्हणला.

"कसला दिवा?" पुनमचंद नाईकानं विचारलं.

"बैलं पुजताना लावलेला. पोळ्याचा. आमीच ठेवला, कडब्याच्या शेजारी. म्हातारा म्हणला, मी इझवतो नंतर." अप्पाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत व्हता. "त्या राती आठवलं व्हतं मला. पण रणजीत म्हणला, पाहिलं. मग मी म्हणलो, दिवा नसंल, मुन्नाच असंल. लई बरं वाटलं व्हतं मला, दिवा नव्हता म्हणून."

संतराम त्या गर्दीत उभा राहून ऐकत व्हता. चोर धरायला तो आला व्हता. चोर नव्हताच कुणी. गुन्हेगार नव्हता. एक इसरलेला दिवा व्हता, आन् त्याच्या भवती सारं गाव उभं व्हतं, ज्याला तो दिवा पाहायचा नव्हता. त्या अंधारातून ही मरायला टेकलेली म्हातारी एकटी चालत गेली व्हती.

तरी बी गावातलं कुणी तिरडीकडं गेलं न्हाई. अजून कशाची वाट हाय, संतरामला कळंना. भिवाजीनं त्याला हळूच सांगितलं, "तिनं आमाला बी सोडलं न्हाई, जमादार. म्हणली, घुगऱ्या तुमी बी खाल्ल्या व्हत्या. म्हणली, आधी तांड्यानं हात लावावा, मग तुमी. त्यांनी न्हाई लावला, तं तुमी बी दूर राहा."

म्हंजे निकाल आता तांड्याच्या हातात व्हता. तांडा नुसता उभा. पुनमचंद नाईक बी जमिनीकडं पाहत उभा. लेकराला आत घालणाऱ्याच्या मायला उचलायचं, ते काय सोपं काम हाय? गर्दीतल्या कुणालाच त्यांना 'चला' म्हणायचं तोंड नव्हतं.

भिकाबाई पुढं झाली.

बाईनं खांदा देणं आपल्याकडं न्हाई, तांड्यात बी न्हाई. पण तिला कुणी आडवलं न्हाई. ती अंगणात गेली, ओढणी कमरंला खोचली, आन् पुढचा बांबू धरून खांद्यावर घ्यायला वाकली. पांढऱ्या बांगड्या बांबूवर खडखडल्या. मग पुनमचंद धावला. मग विजयकुमार उठून आला. मग भिवाजी. मग मागं माणसांवर माणसं, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर, अशी की तिरडी नाल्यापर्यंत जमिनीकडं वाकली बी न्हाई. रणजीत पुढं चालला मडकं धरून. संतराम मागं, शेवटी. त्याला आपणहून पुढं व्हावं असं वाटलं न्हाई. गावाचं न् तांड्याचं मयत व्हतं ते. त्याचं काम संपलं व्हतं, म्हणजे खरं तं आता सुरू व्हायचं व्हतं.

अग्नी देऊन रणजीत नाल्यात आंघोळ करून आला. ओल्या कपड्यानिशी सरळ जीपमधी मागं चढून बसला.

"अरे, आज घरी राहा," संतराम म्हणला. "राख सावडून घे. मी येतो न्यायला."

"नको जमादार. उद्या माझी जीभ फिरंल."

संतरामनं मान हलवली. संगिता लेकराला घेऊन थोड्या अंतरावर उभी व्हती. ती रडत नव्हती. नवऱ्याकडं ती नीट पाहून राहिली व्हती.

डायवरनं गाडी सुरू केली, तेवढ्यात भिकाबाई आली आन् मागचं फाटक उघडायला लागली.

"तू कुठं, भिकाबाई?"

"चौकीवर. हा सांगंल ते लिवताना मला ऐकायचंय."

"ऐक की. पण आज लिवलं म्हणून उद्या मुन्ना येत न्हाई. वरचं कोरट हाय, वकील हाय. टाइम लागतो. लई टाइम लागतो."

"लागू द्या. याडीला बी दोन वर्सं लागली," भिकाबाई म्हणली. "पण तिनं केलं."

 भिकाबाई एक पाय वर ठेवून जीपमधी चढली. आत रणजीत थंडीनं कुडकुडत बाकाच्या मधोमध बसला व्हता.

"सरक तिकडं," ती त्याला म्हणली.

रणजीत सरकला.